गवत कुणी केलं?

गवताला डोकं नसतं. हे वाक्य त्या ऑगस्टमध्ये मी निदान दोनशे वेळा बोलले असेन. संघाच्या ऑफिसात बोलले, एसटी स्टँडवर बोलले, डेअरीच्या रांगेत दूध घालायला आलेल्या बायकांना अडवून बोलले. ऐकणारा मान हलवायचा आणि शेवटी म्हणायचा, "ते खरं, पण गवत शानं झालंय बघा." मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू. माझा स्वभावच तसा आहे. चुकीचं वाक्य कानावर पडलं की मला एका जागी बसवत नाही, पुढ्यातला चहा पार निवून गेला तरी.

मी मोनाली रेडेकर. आजरा तालुक्यातल्या निंगुडवाडीच्या भात उत्पादक संघाची यंत्रचालक. गाव घनसाळ भाताचं. शिजला की चार घरं सोडून वास जातो. २०३४ साली संघाने भांगलणीचं, म्हणजे पिकातलं गवत काढायचं, यंत्र आणलं ते माझ्या शब्दावर. कृषी पदवी घेऊन गावात परत आलेली मी एकटीच, त्यामुळे तेव्हा माझ्या शब्दाला वजन होतं. कंपनीने यंत्राला लांबलचक नाव ठेवलं होतं. गावाने ते पहिल्याच दिवशी टाकून दिलं आणि 'भांगल्या' म्हणायला सुरुवात केली. चार बारीक चाकं, कमरेएवढी उंची, पाठीवर सौरपत्रा. भाताच्या दोन ओळींमधून चिखलातून चालत जायचा, वरून कॅमेऱ्याने एकेक रोप बघायचा आणि गवत दिसलं की त्याच्या कोंबावर तापलेल्या किरणाचा एक ठिपका टाकायचा. चट् असा आवाज यायचा. तिसऱ्या दिवशी ते गवत पिवळं पडलेलं असायचं.

पहिला महिना सोडला तर पाच वर्षं कुणाची तक्रार नव्हती. सहाव्या वर्षी ऑगस्टच्या मध्यावर दत्तू होरंबळे ऑफिसात आला. मोठा शेतकरी, आवाजही मोठा. हातात एक उपटलेलं रोप.

"मॅडम, ह्ये काय हाय?"

"भात."

"नीट बगा."

मी नीट बघितलं. सरळ उभी काडी, हिरवागार बुंधा, पानाची ठेवण भाताची. "भातच आहे की दत्तूदा. उपटलं कशाला?"

त्याने पाठीमागे धरलेला दुसरा हात पुढे केला. त्यात अगदी तसंच रोप होतं, पण त्याला लोंबी आली होती आणि ती भाताची नव्हती. बारीक, जांभळट, हाताला खरखरीत. पाखडाची होती. पाखड हे भातातलं जुनंपुराणं गवत. आडवं पसरणारं, बुंध्याशी तांबूस. माझ्या लहानपणी गावातलं शेंबडं पोरही ते लांबून ओळखायचं. आणि मी, पदवीधर, ते हातात घेऊन भात म्हणाले होते.

"माझं निम्मं रान असलं हाय," दत्तू म्हणाला. "भांगल्या आला की भात हून हुबं ऱ्हातंय. शिकलं ते."

"गवताला डोकं नसतं, दत्तूदा," मी म्हणाले. दोनशेपैकी ही पहिली वेळ.

तो गेल्यावर मी भांगल्या तपासला. कॅमेरा ठीक, किरण ठीक. कंपनीचा इंजिनीअर कोल्हापूरहून आला आणि यंत्रात काडीचा दोष नाही असं लिहून देऊन गेला. मग मी जुन्या नोंदी काढल्या.

भांगल्या प्रत्येक रोपाला गुण देतो. हे भातासारखं किती दिसतं, शंभरापैकी. सुरुवातीला मी हद्द नव्वदला ठेवली होती. नव्वदच्या खाली दिसेल ते जाळ. पहिल्याच महिन्यात दत्तूच्याच रानातली भाताची चाळीसेक रोपं जळली. त्याने ती पाटीत भरून ऑफिसच्या पायरीवर आणून ओतली आणि लेकरू मेल्यागत ओरडला. आमच्याकडे लावलेल्या भाताला पाय लागला तरी लोक नमस्कार करतात. जळलेलं रोप बघून सगळं गाव हळहळलं. मी हद्द साठवर आणली. संशय आला तर सोडून दे. गाव खूश, मी खूश.

आता बघा काय झालं. पाखडाची सगळी रोपं एकसारखी नसतात. सख्ख्या भावंडांतही एक उंच निघतो, एक बुटका निघतो, तसंच. लाखभर रोपांत बहुतेक पसरट आणि तांबूस, पण दहा-वीस अशी असणारच की जी जरा जास्त सरळ, जरा जास्त हिरवी. पहिल्या वर्षी भांगल्याने पसरट ती सगळी जाळली. ती दहा-वीस संशयाच्या फायद्यावर सुटली. एकेका पाखडाला हजारांनी बी धरतं. पुढच्या पिढीत त्यांचीच पोरं उगवली, आईबापांसारखी सरळ. त्यांतही ज्यांना साठपेक्षा कमी गुण ती गेली आणि जास्त गुणांची राहिली. वर्षाला दोन पिढ्या, सहा वर्षांत बारा. यात कुठलंही गवत काही शिकलेलं नाही. एकही रोप जन्मात बदललं नाही. जे होतं त्यातलं काही मेलं, काही राहिलं, एवढंच. आणि काय मरावं, काय राहावं हे ठरवणारा आकडा माझ्या बोटांनी दाबलेला होता.

मी तशीच उठले आणि आत्तीकडे गेले.

तानूआत्ती माझ्या वडिलांची बहीण. पंचविशीत नवरा गेला तशी माहेरी आली. माझी आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. चौदा बायकांची भांगलणीची टोळी ती चालवायची आणि त्याच भांगलणीवर माझं कोल्हापूरचं शिक्षण झालं. आणि शिकून येऊन मी काय केलं, तर भांगल्या आणला. टोळी घरी बसली. यंत्राचा नारळ फुटला त्या दिवशी साऱ्या गावादेखत आत्ती म्हणाली होती, "ह्या भांगल्याचं डोळं एक दिस फुटत्यात का न्हाई बगाच." तेव्हापासून आमच्या चुली वेगळ्या. ती मागच्या दोन खोल्यांत, मी पुढे. बोलणं मीठ आहे का, पाणी आलं का, एवढंच. ते मला फार लागायचं, पण मीही तिचीच भाची, आधी कोण बोलणार?

ती आपल्या दहा गुंठ्यांत वाकली होती. मी रोप पुढे केलं. "आत्ती, हे बघ जरा."

तिने बघितलंच नाही. पान काडीला जिथे चिकटतं तिथे अंगठा फिरवला आणि रोप बांधावर भिरकावलं. "पाखड."

"कसं कळलं?"

"भाताला हितं जिभली असती. कागदावानी पातळ. कडंला बारीक लव. ह्येचं गुळगुळीत हाय, हात लाव."

मी हात लावला. खरंच. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला ती जागा कधी दिसलीच नव्हती.

"असलं पाखड आलंय हे तुला कधी कळलं?"

"दोन सालं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इचारलंस?"

ती पुढच्या रोपाशी सरकली. मग तीच बोलली, "आमच्या टायमाला बी असलं ऱ्हायाचंच. चौदा जणींचं डोळं, तरी फसायचं. म्हणून दुबार भांगलण बगून करायची न्हाई. हातानं चाचपून करायची. थोरल्या बायकांनी घालून दिल्याला नेम हुता त्यो."

"म्हणजे गवत आपल्यापासून लपतं?" मी मुद्दाम विचारलं.

"लपायला त्येला काय पडलंय? दिसलं ते गेलं. न्हाई दिसलं त्येला पोरं झाली."

कॉलेजात एक अख्खं सत्र मी हे शिकले, आणि परीक्षेत चार पानं लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी मी घोडचूक केली. लोकांना पाखड ओळखायला शिकवावं म्हणून आत्तीला चार रानांत फिरवलं. ती वाकायची, न बघता हात घालायची आणि पाखड उपटून बांधावर टाकायची. एकही भात नाही, एकही चूक नाही. लोक बांधावर उभे राहून बघत होते. मला वाटलं, शिकतायत. मला इतका अभिमान वाटत होता की मी सारखी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते.

डेअरीच्या संध्याकाळच्या रांगेत मला गाव काय शिकलं ते कळलं. कुणालाच ओळखता येत नाही, यंत्राला येत नाही, मोनालीला येत नाही, मग तानूबाईलाच कसं येतं? पाखडाचं बी तिनंच रानात टाकलंय म्हणून. टोळी रिकामी बसली होती, उन्हाळ्यात बायका शेणकुटं वेचायला पोती घेऊन बांधाबांधानं फिरत होत्या, पोत्यांत काय होतं कुणी बघितलंय? आणि भांगल्याचे डोळे फुटतील असं ती स्वतःच्या तोंडाने बोलली नव्हती का?

कसली जुळणी! एकही दुवा खरा नाही आणि साखळी मात्र बळकट. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण नुसतं रागावून भागणार नव्हतं, कारण संघाचे चेअरमन आनंदराव होडगे यांनी रविवारी सकाळी सभा बोलावली. ठराव असा होता की तानूबाईचं नाव संघातून कमी करायचं आणि पोलिसांत तक्रार द्यायची. अडुसष्ट वर्षांची बाई, जिने जन्मात पोलीस ठाण्याची पायरी बघितली नव्हती.

सभेला हॉल भरला होता. आत्ती दाराशी बायकांत बसली होती, पदर घट्ट लपेटून, कुणाकडे न बघता. आनंदरावांच्या पुढ्यात पंचनाम्याचा अर्ज होता. त्यात नुकसानीची कारणं तीन: नैसर्गिक आपत्ती, यंत्रातील बिघाड, हेतुपुरस्सर कृत्य.

"पूर न्हाई, गारपीट न्हाई," आनंदराव म्हणाले. "यंत्रात बिघाड न्हाई, इंजिनीअरनं लिवून दिलंय. मग उरलं काय? आन् खाली रकाना हाय. कारणीभूत व्यक्ती. त्यो मोकळा ठेवला तर तालुक्याला अर्ज घेत न्हाईत."

"व्यक्ती कुणीच नाही," मी उठून म्हणाले. "हे आपोआप झालंय. याला नैसर्गिक निवड म्हणतात."

निवृत्त केसरकर गुरुजी पहिल्या रांगेत होते. ते सावकाश उठले. "मोनाली, तू माझीच विद्यार्थिनी. उत्क्रांती मी तीस वर्षं शिकवली. तिला लाखो वर्षं लागतात. माकडाचा माणूस व्हायला किती काळ गेला? आणि तू म्हणतेस सहा वर्षांत?"

"गुरुजी, माकडाचा माणूस झालाच नाही. दोघांचा पूर्वज एक होता. आणि पिढ्या मोजायच्या असतात, वर्षं नाही."

"बघा," गुरुजी हॉलकडे वळले, "आता माकडाचा माणूस झालाच नाही म्हणते. मग ही उत्क्रांती कुठली?"

हॉलमध्ये खसखस पिकली. मला तयारीशिवाय जाता येत नाही, म्हणून मी एक पाटी आणली होती, चिखल घालून. त्यात भाताची रोपं, जुनं पसरट पाखड आणि नवं सरळ पाखड, सगळं मिसळून खोचलेलं. ती मी दत्तू होरंबळेपुढे ठेवली.

"दत्तूदा, यातलं गवत काढा."

तो चष्मा लावून बसला आणि त्याने दिसेल ते गवत भराभरा उपटून टाकलं. मी उरलेल्या पाटीत हात घातला, अंगठ्याने चाचपत सात रोपं बाहेर काढली आणि उंच धरली. "हे बघा. हेही पाखडच. आता पाटीत जे गवत राहिलं होतं ते सगळंच्या सगळं भातासारखं दिसणारं. पुढच्या साली याचंच बी. आता सांगा, हे भातासारखं गवत कुणी केलं?"

दत्तूने चष्मा काढला. "तुमी. पाटी तुमीच भरून आणलीसा की."

असा हशा पिकला की बाहेरचे लोक खिडकीशी आले. मी तिथेच उभी, हातातून चिखल गळतोय. आणि त्या हशात मला एक गोष्ट दिसली. या लोकांना उत्तर नको होतं, माणूस हवा होता. रकान्यात नाव पडेपर्यंत कुणी घरी जाणार नव्हतं, आणि नाव तयार होतं. आत्तीचं. मी आणखी दोन तास बोलले असते तर दोन तासांनी तेच नाव पडलं असतं.

"बरोबर," मी म्हणाले. "मीच केलं. लिहा माझं नाव."

आनंदरावांनी अर्जावरून मान वर केली.

"यंत्राची हद्द मी साठवर आणली. त्यामुळे हे गवत झालं. तानूबाईचा काही संबंध नाही. लिहा, मोनाली रेडेकर."

इतके दिवस मी ज्या वाक्याशी भांडत आले तेच मी बोलले होते. गवत कुणीतरी केलं. आनंदरावांनी पेन काढून नाव लिहिलं आणि हॉलभर एक सुस्कारा फिरला. आत्ती सुटली होती. मला हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू? नोकरी गेली तर गेली.

मग आनंदराव अर्जाची घडी करत म्हणाले, "चला, मिटलं. गडहिंग्लजचा एक मानूस हाय वळखीचा, त्येला यंत्रावर घिऊ. सोमवारी भांगल्या सुरू करू. हाय त्या हद्दीवरच चालवायचा, भात जळता कामा नये."

"अहो, हद्दीमुळेच तर झालंय! तसाच चालवलात तर पुढच्या साली याच्या दुप्पट येईल."

"मोनाली, दोष मानसाचा हुता. तू कबूल केलंस. आता यंत्राला काय झालंय?"

मी घसा फोडून सांगितलं. पण कबुली दिलेल्या माणसाचा सल्ला कोण ऐकतो? लोक चपला शोधायला लागले होते. मी आत्तीला वाचवायला गेले आणि भांगल्यालाच वाचवून बसले.

"तिचं नाव खोडा," दारातून आवाज आला.

आत्ती उभी राहिली होती. "त्या पोरीला गवत तरी लावाय येतंय व्हय? कोंब वर का मूळ वर, ते बी मीच शिकिवलंय तिला. मी केलं."

"आत्ती!" मी ओरडले.

"का केलंस, तानूबाई?" आनंदरावांनी विचारलं.

"पोटावर पाय आला म्हणून." ती दोन पावलं आत आली. "आता ऐका. ज्यानं घाण केली त्यानंच निस्तरायची, ह्यो गावाचा नेम हाय न्हवं? मग मला निस्तरू द्या. भांगल्या फिरला की त्येच्या मागनं दुबार भांगलण माझ्या चौदा बायका करतील. हातानं चाचपून, लोंबी पिकायच्या आत. दर साली. पोलिसांत घालून कुणाचं रान साफ हुनार हाय?"

आनंदराव माणूस वाईट नाही, सरळ आहे. त्यांना हे एकदम पटलं. दत्तूला पटलं. गुरुजी म्हणाले, "न्यायाला धरून आहे." पोलीस तक्रार रद्द झाली, संघातलं नाव राहिलं, अर्जातलं माझं नाव खोडून तिथे तिचं आलं. खाली तिने सही केली. रात्रशाळेत शिकलेली, एकेक अक्षर सुटं सुटं.

घरी येताना रस्त्यातच मी तिला धरलं. "आत्ती, हे खोटं आहे. तुझ्या नावावर कायमचं राहील."

"तुझं बी खोटंच हुतं की."

"मी तुझ्यासाठी बोलले."

"ठावं हाय मला." तिने माझ्या हातावरचा वाळलेला चिखल आपल्या पदराने पुसला. सहा वर्षांत तिने मला हात लावला नव्हता. "पर तुझ्या खोट्यानं गवत ऱ्हात हुतं. माझ्या खोट्यानं जाईल तरी."

मला रस्त्यातच रडू आलं, आणि लोक बघत होते तरी ते थांबेना.

याला आता दोन वर्षं झाली. यंत्र मी आपणहून सोडलं; गडहिंग्लजचा माणूस भांगल्या चालवतो आणि मी टोळीत आहे, पंधरावी. भांगल्याने सोडलेलं आम्ही चाचपून काढतो. सरळ पाखड निम्म्याहून कमी झालंय, कारण त्याला आता पोरं होत नाहीत. आम्ही संध्याकाळी एका चुलीवर जेवतो.

आणि गाव काय म्हणतं? गाव म्हणतं, म्हातारीनं टाकलं हुतं, म्हातारीनंच काढलं. तिनं टाकलं नसतं तर तिलाच कसं काढता आलं असतं? सिद्धच झालं की. गुरुजी तर हे नव्या पोरांना दाखल्यासारखं सांगतात. मी अजून डेअरीच्या रांगेत भांडते, अजून माझा चहा निवतो, आणि आमचा उपाय जितका लागू पडतो तितका त्यांचा समज पक्का होत जातो. हे मला सहन होत नाही. चिखलात ओळीने वाकलेली असतानाही माझ्या डोक्यात तेच वाद चालू असतात.

परवा दत्तूच्या रानात होतो. बांधावरून दोन नव्या सुना चालल्या होत्या. एकीने आत्तीकडे बोट दाखवून दुसरीला हळूच काहीतरी सांगितलं. दुसरीने वळून बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

मी ताडकन उभी राहिले. आत्तीने माझ्या मनगटाला धरून मला खाली ओढलं.

"आत्ती, तुला वाईट नाही वाटत?"

"वाटतंय की," ती म्हणाली. "रोज वाटतंय. सरक फुडं."